साडीच्या पन्ह्याएवढा पडदा

एका सेकंदाला एक या वेगाने, न झोपता न जेवता मोजत बसलं, तर या पडद्यावरचे ठिपके मोजून व्हायला ८५ दिवस आणि ८ तास लागतात. तेही अगदी बरोब्बर. आडवे ५१२०, उभे १४४०, गुणाकार ७३ लाख ७२ हजार ८००. त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं, बाकी नेमकी आठ तासांची निघाली, तेव्हा मी कॅल्क्युलेटर पुसून आकडे पुन्हा मांडले. तरी तेच. गुढीपाडव्याला मोजायला बसलात तर उठेपर्यंत पाऊस लागलेला असेल.

आणि हा हिशेब एका चित्राचा. पडदा अशी चित्रं सेकंदाला २४० दाखवतो. एका सेकंदात त्याने रंगवलेले सगळे ठिपके मोजायचे म्हटले तर २०,४८० दिवस, म्हणजे ५६ वर्षं. चौथ्या वर्षी बालवाडीत मोजायला सुरुवात करावी आणि साठीशांतीचे गुरुजी दारात उभे असताना आतून ओरडावं, ‘झालंच हं, शेवटचे दोनशे राहिलेत!’

या फंदात मला भाच्याने पाडलं. तो आयटीत आहे. दिवसा घरून काम करतो आणि रात्री त्याच खुर्चीत बसून गेम खेळतो. त्याला ४९ इंची, वक्र, ओएलईडी पडद्याचा मॉनिटर घ्यायचा आहे. सॅमसंगचा ‘ओडिसी ओएलईडी जी९’ २०२३ साली आला, त्या जातीचा. ‘मामा, तू बँकेत जन्मभर आकडे तपासलेस. एवढे पैसे घालण्याआधी हे आकडे जरा बघ ना,’ असं म्हणून त्याने मोबाइलवरचा गुणधर्मांचा तक्ता माझ्यापुढे धरला. अमेरिकेत हा मॉनिटर २२०० डॉलरना बाजारात आला होता. तेव्हाच्या भावाने एका ठिपक्याला अडीच पैसे पडले. पाच पैशांना दोन ठिपके म्हटलं की महाग वाटत नाही, पण घाऊक माल घ्यावा लागतो.

आधी आकार. ४९ इंच म्हटल्यावर डोळ्यांपुढे दिवाणखान्यातला टीव्ही येतो, तसं इथे काही नाही. इंच मोजतात कर्णावर, आणि हा पडदा ३२ ला ९ या प्रमाणातला. पायथागोरसला कामाला लावलं की रुंदी निघते ४७ इंच आणि उंची जेमतेम सव्वातेरा. २७ इंची दोन मॉनिटर शेजारी ठेवून मधली काळी पट्टी काढून टाकली की हाच आकार होतो. मी आकडे मोठ्याने वाचत होतो. ताई आतून म्हणाली, ‘सत्तेचाळीस इंच? साडीचा पन्हा आहे की!’

मला ते इतकं पटलं की पुढचा हिशेब मी कापडाच्याच भाषेत केला. ४७ इंचांत ५१२० ठिपके, म्हणजे इंचाला १०८. चांगल्या पॉपलिनमध्ये इंचाला उभे धागे शंभराच्या आसपास असतात. थोडक्यात, हे कापडच आहे. फक्त त्याचा प्रत्येक धागा दुसऱ्या धाग्याला जिथे ओलांडतो, तिथे एकेक दिवा आहे. एकेक म्हणणंही कमीच. लाल, हिरवा आणि निळा असे प्रत्येक ठिकाणी तीन. एकूण दिवे २ कोटी २१ लाखांच्या वर.

हे दिवे पेटवायचा हुकूम जातो तो एका केबलमधून. मला खरी भोवळ तिथे आली. दर ठिपक्याच्या रंगासाठी तिन्ही दिव्यांचे दहा-दहा मिळून ३० बिट लागतात. ७३ लाखांना २४० ने आणि मग ३० ने गुणलं की सेकंदाला ५३ अब्ज बिट होतात. घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत होतं तेव्हाचा ५६ किलोबिटचा मोडेम आठवून पाहा. ती किंचाळी, ती घरघर, आणि मध्येच कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. त्या मोडेमवरून या पडद्याचं एक चित्र यायला तासाच्या वर सहा मिनिटं लागली असती. एका सेकंदाची करमणूक यायला अकरा दिवस.

आजची केबल अर्थातच कितीतरी मोठी आहे, पण गंमत अशी की तीही पुरत नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून प्रत्यक्षात २६ अब्जांच्या आतच बिट जातात. एचडीएमआय २.१ वर ४८ लिहिलेलं असतं, त्यातले कामाचे ४३ च्याही आत. आपल्याला हवेत ५३. मग चित्राची वळकटी करतात. शेजारचा ठिपका बहुतेक वेळा आपल्यासारख्याच रंगाचा असतो, म्हणून पूर्ण रंग न पाठवता नुसता फरक पाठवायचा. ही पद्धत व्हेसा या संस्थेने २०१४ साली ठरवून दिली. पलीकडे पडद्यात वळकटी सुटते आणि डोळ्याला सुरकुती दिसत नाही. मात्र मॉनिटर नवा आणि ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर बांधणाऱ्याला गाठ येत नाही, अशी गत होते. पन्हा भरून येतो, पण वेग निम्म्यावर. भाच्याला मी पहिला प्रश्न हाच केला, तुझं कार्ड कोणतं?

तक्त्यात एक आकडा ठळक अक्षरांत होता, ०.०३ मिलिसेकंद. ठिपक्याला एका छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. तेवढ्या वेळात आवाज एक सेंटिमीटर जातो आणि प्रकाश नऊ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून सुटून दादरला पोचतो. एक चित्र पडद्यावर टिकतं ४.१७ मिलिसेकंद. तेवढ्यात मुंबईहून सरळ रेषेत निघालेला प्रकाश दिल्ली मागे टाकतो. आता यात माणूस बसवा. शत्रू दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि तेवढ्यात पडद्यावरून ४८ चित्रं गेलेली असतात. भाचा म्हणतो, फरक कळतो. कळत असेलही. साठ हर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांवरून, २४० वर गेलं तर दर चित्रामागे साडेबारा मिलिसेकंद वाचतात, ते जाणवण्याजोगं आहे. पण याच मापाचे ओएलईडी मॉनिटर १४४ हर्ट्झचेही मिळतात. त्यांच्यात आणि यात अंतर आहे पावणेतीन मिलिसेकंदांचं. माझ्या मते या पावणेतीनसाठी कुणी कर्ज काढू नये.

एवढे ठिपके रंगवायला कुणीतरी लागतं. २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० हे कार्ड घ्या. त्यात ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि गणितं करणारे १६,३८४ गाभे. पूर्ण ताकदीने ते सेकंदाला ८२ लाख कोटींच्या वर क्रिया करतं. या पडद्यावर वाटून दिल्या तर दर चित्रात दर ठिपक्याच्या वाट्याला सुमारे ४६ हजार क्रिया येतात. एका ठिपक्याचा रंग ठरवायला शेहेचाळीस हजार बेरजा-गुणाकार! आमच्या शाखेत सगळ्यांनी मिळून वर्षभरात तेवढे केले असतील. त्यासाठी कार्ड ४५० वॉट वीज खातं. आणि तरीही भारी गेम सगळी सजावट चालू ठेवून २४० गाठेल, असं नाही.

गाठणं तर पुढचीच गोष्ट. काही खेळांना हा पन्हाच नको असतो. ‘एल्डन रिंग’चं उदाहरण भाच्यानेच दिलं, जरा ओशाळून. तो खेळ १६ ला ९ या प्रमाणातच चालतो आणि सेकंदाला ६० चित्रांवर कुलूपबंद आहे. म्हणजे मधला निम्मा पडदा चालू आणि दोन्ही बाजूंचे पाव-पाव काळे. निम्मे ठिपके, पाव वेग. निम्म्याचा पाव म्हणजे एक अष्टमांश. सेकंदाला १७७ कोटी ठिपके रंगवणारं यंत्र घेतलं आणि वापरात आले २२ कोटी. रुपयातले दोन आणे. ‘व्हॅलरंट’चंही तसंच, बाजूला जास्तीचं दिसून कुणाला फायदा होऊ नये म्हणून तिथे दृश्य १६ ला ९ मध्येच बांधलेलं. याउलट गाडी चालवायचे किंवा विमान उडवायचे खेळ या पडद्यावर बघावेत. आरशाजवळून जाणारी झाडं डोळ्याच्या कोपऱ्यात सरकतात, आणि नुसत्या बघणाऱ्याचाही पाय ब्रेक दाबायला उचलतो. तेव्हा कोणता मॉनिटर घ्यावा याआधी कोणता खेळ खेळतोस, हे बघावं.

दिवसाच्या कामाचं मात्र मला पटलं. मी खतावण्यांत वाढलेला माणूस. एक्सेलच्या पानाला मूळ मापात ६४ पिक्सेल रुंद आणि २० पिक्सेल उंच असा एकेक चौकोन असतो. या पडद्यावर शेजारी-शेजारी जवळजवळ ऐंशी रकाने मावतात. पूर्ण वर्षाचे बावन्न आठवडे एका नजरेत, खालची पट्टी ओढत बसायला नको. बँकेत मला हे मिळालं असतं तर चष्म्याचा नंबर वेगळा असता. मग सहज मनात आलं, एक्सेलचं सबंध पान एकदम बघायचं तर? त्यात रकाने १६,३८४ आहेत. वरच्या कार्डातल्या गाभ्यांचा आकडाही तोच, कारण दोनाचा चौदावा घात संगणकवाल्यांना फार प्रिय. ओळी १० लाख ४८ हजार ५७६. घरं एकूण १,७१८ कोटी. एवढं पान मावायला असे २९ लाख ८२ हजार मॉनिटर रचावे लागतील. भिंत होईल २४५ मीटर रुंद आणि ४.९ किलोमीटर उंच. कळसूबाई १६४६ मीटर. एकावर एक तीन कळसूबाया, वरपासून खालपर्यंत रिकामे चौकोन. आणि आपण वापरतो डाव्या वरच्या कोपऱ्यातली किराण्याची यादी.

आता ‘ओएलईडी’. इथे आकडे उलट्या दिशेने पळतात. १९८७ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन थर एकावर एक देऊन त्यांतून हिरवा प्रकाश काढून दाखवला. दोन्ही थरांची मिळून जाडी १३५ नॅनोमीटर. डोक्याचा केस त्याच्या पाचशेपट जाड असतो. आणि दहा व्होल्टच्या आत त्या थरांनी १००० निटच्या वर (निट हे उजेडाचं माप) उजेड दिला होता. त्या जाडीने आपला साडीच्या पन्ह्याचा अख्खा पडदा सारवायचा म्हटलं तर किती माल लागेल, म्हणून मी हिशेब केला. उत्तर आलं ५४ घन मिलिमीटर. डोळ्यांत औषध घालतो त्यातला एक थेंब. आजच्या पडद्यात थर जास्त असतात, तरी मामला थेंबाथेंबाचाच.

फिल्म विकणाऱ्या कोडॅकनेच हा दिवा लावला आणि त्याचा उजेड त्यांना काही लाभला नाही. ओएलईडीचा धंदा त्यांनी २००९ मध्ये एलजीला विकला आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी, २००७ साली, सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही विकायला काढला, ११ इंची, ३ मिलिमीटर जाड, दोन लाख येन. आपल्या या मॉनिटरमध्ये त्यापुढची करामत आहे. मूळ दिवे निळेच. लाल आणि हिरवा हवा तिथे त्या निळ्यावर क्वांटम डॉटचा थर असतो. काही नॅनोमीटरचे हे कण, जरा मोठा असेल तर लाल उजेड देतो, लहान असेल तर हिरवा. रंग ठरतो तो नुसत्या आकारावर. या कणांसाठी बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच वर्षी हा मॉनिटर दुकानात आला.

प्रत्येक दिवा स्वतंत्र, म्हणून काळं दाखवायचं तर तो चक्क विझतो. तक्त्यावर लिहितात, उजेड-अंधाराचं गुणोत्तर १० लाखास १. साध्या एलसीडीत ते हजारास एक असतं. रात्री दिवे मालवून अवकाशातलं काहीतरी लावलं तर पडद्याची कडा कुठे संपते हेच कळत नाही. पण दिवसा? पूर्ण पांढरा पडदा देतो २५० निटच्या आसपास. पूर्वेची खिडकी उघडी आहे आणि काळ्या भागावरून समजा एकच निट उजेड परत आला. झालं, दहा लाखाचे अडीचशे झाले. या जातीच्या पडद्यांचं काळं भर उजेडात जरा जांभळट राखाडी दिसतंही. दहा लाखांचं गुणोत्तर घेणाऱ्याने आधी पडद्याचं कापड घ्यावं, दाराखिडक्यांच्या.

तक्त्यावर लिहिलेल्या १००० निटचीही अशीच गोम आहे. ते मिळतात पडद्याच्या शेकडा तीन भागात, म्हणजे तळहाताएवढ्या जागेत. निट म्हणजे चौरस मीटरला एक मेणबत्ती. तळहाताएवढ्या स्फोटात बारा मेणबत्त्या, आणि सगळा पडदा पांढरा केला की शंभर. पांढऱ्या जागेचं राज्य वाढलं की एकेका दिव्याचा हप्ता कमी होतो. एक्सेलचं पान पसरलं की पडदा किंचित मंदावतो, लहान केलं की उजळतो.

आणि हे दिवे झिजतात. विंडोजची खालची पट्टी ४८ पिक्सेल उंच, म्हणजे अडीच लाखांच्या आत-बाहेर नव्हे, बरोबर २ लाख ४५ हजार ७६० ठिपके रोज आठ तास तेच चित्र धरून बसणार. शेजारी आराम करणार, हे राबणार. काही वर्षांनी त्या पट्टीचा वण उरू शकतो. पट्टी लपवून ठेवायची, मागे काळं लावायचं, रात्री मॉनिटर स्वतःची निगा राखतो तेव्हा मेन स्विच बंद करायचा नाही, आणि वॉरंटीच्या कागदात वणाचा उल्लेख आहे का ते विकत घेण्याआधी वाचायचं. ताईला मेन स्विच बंद करायची सवय आहे. हे मी भाच्याला वेगळं सांगितलं.

राहता राहिला बाक. तक्त्यावर ‘१८०० आर’ असतं. भाचा म्हणाला, गोलाईचा अंश आहे काहीतरी. मी सुतळी मागवली. १८०० म्हणजे त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. १८० सेंटिमीटर सुतळी कापली, एक टोक त्याने अंगठ्याखाली दाबून धरलं, दुसऱ्याला खडू बांधून मी फरशीवर कमान काढली. हॉल दहा बाय बारा. पुरं वर्तुळ बारा फुटांच्या विहिरीएवढं होतं, ते दहा फुटांच्या बाजूला मावेना. त्या विहिरीला आतून कठडा करायला असे साडेनऊ मॉनिटर लागतील. आपण त्यातला एक घेतोय. कमानीवर १२० सेंटिमीटर मोजून दोन खुणा केल्या आणि सुतळी ताणून टोकं जोडली. मधला फुगवटा भरला दहा सेंटिमीटर. एवढासा बाक, पण त्याचं काम दिसतं. पडदा सपाट असता तर ८० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाला कडा मध्यापेक्षा २० सेंटिमीटर लांब पडल्या असत्या. बाकामुळे ते अंतर साडेअकरावर येतं. पूर्ण मिटवायचं तर विहिरीच्या मध्यावर, म्हणजे पावणेदोन मीटरच्याही पुढे बसावं लागेल, आणि तिथून अक्षरं वाचायला दुर्बीण.

८० सेंटिमीटर मी उगाच घेतले नव्हते. एक ठिपका ०.२३४ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा दिसतो. डोळ्याच्या डॉक्टरांच्या तक्त्यावर ६/६ म्हणतात ते हेच. ०.२३४ मिलिमीटरची वस्तू तेवढी बारीक दिसते ती ८० सेंटिमीटरवरून. त्याच्या अलीकडे सरकलं की ठिपके सुटे दिसू लागतात, पलीकडे ते विणले जाऊन कापड होतं. मी हे सांगत असताना भाचा गप्प होता. एवढ्या अब्जांनंतर त्याच्या कामाचा आकडा एका मोजपट्टीत मावला होता.

मग आम्ही जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १२० बाय ३४ चा पडदा कापला आणि त्याच्या टेबलामागे भिंतीच्या पुढे, कमानीत वाकवून उभा केला. टेबल चार फुटी. दोन्हीकडे बोटभर जागा उरली. भाचा खुर्चीत बसला. मी डोळ्यापासून कागदापर्यंत टेप धरली. छप्पन्न. ‘मागे सरक.’ चौसष्ट. ‘अजून.’ बहात्तर. ऐंशी झाले तेव्हा खुर्चीची पाठ मागच्या लोखंडी कपाटावर ठणकन आदळली.

ताई दारात आली. खुर्ची बघितली, कपाट बघितलं, कागदाचा मॉनिटर बघितला. कपाटाचं दार ओढलं, ते वीतभर उघडून खुर्चीला अडलं.

‘आणि माझ्या साड्या काढायच्या कशा?’